ऑनलाइन वाद घालू द्यायचा का मुलांना?

शाळांच्या वादविवाद स्पर्धा जाहीर झाल्या की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न हमखास येतो. “मॅडम, सरांनीच सांगितलंय, ऑनलाइन डिबेट वाचा, त्यात भाग घ्या. आता पोरगी रात्री उशिरापर्यंत कुणाकुणाशी वाद घालत बसते. बंद करू का?” घोडबंदरचे पालक हे विचारतात, कोपरीचे विचारतात, ऐरोली-वाशीहून येणारेही विचारतात. सगळ्यांची काळजी एकच: शाळेच्या नावाखाली आपलं मूल अनोळखी माणसांच्या तोंडी तर लागत नाही ना?

काळजी रास्त आहे. तरी मी सरसकट ‘बंद करा’ म्हणत नाही. ‘जाऊ द्या, आजची पिढी आहे’ असंही म्हणत नाही. का, ते मृण्मयीच्या निमित्ताने सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि हे लिहायला तिची व तिच्या आईबाबांची संमती आहे.

मृण्मयी नववीत, राहायला घोडबंदर रोडला. बाबांचं ऑफिस बोरिवलीला, म्हणजे रोज गायमुखचा घाट आणि ट्रकच्या रांगा. शाळेत वादविवादाला विषय मिळाला ठाणे-बोरिवली बोगद्याचा. प्रकल्प एकूण सुमारे 11.8 किलोमीटरचा. त्यातला सव्वादहा किलोमीटर भाग भूमिगत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणारा. जुलै 2024मध्ये भूमिपूजन झालं तेव्हापासून ठाण्यात या विषयावर दोन तट आहेतच. बाजू कुठली घ्यायची याचा विचार मृण्मयीला करावाच लागला नाही. बाबा रात्री किती दमून घरी येतात हे ती बघत होती.

तिने एका खुल्या फोरमवर, म्हणजे कुणीही येऊन मत मांडू शकेल अशा संकेतस्थळावर, इंग्रजीत मोठा मजकूर लिहिला: बोगदा हवाच, विरोध करणाऱ्यांना लोकांच्या हालांशी देणंघेणं नाही. सकाळी उठून बघते तर खाली उत्तरांची रांग आणि डाउनव्होट, म्हणजे नापसंतीची मतं. एकाने लिहिलं होतं, “स्वतःच्या प्रवासापलीकडे तुला काही दिसतच नाही.” दुसऱ्याने, “आधी शाळा पूर्ण कर.” त्यानंतर तिचं जेवण कमी झालं, मधल्या सुट्टीत ती एकटी बसू लागली, आणि रात्री पांघरुणात फोन घेऊन पुन्हा पुन्हा तीच उत्तरं वाचू लागली. आईने फोन काढून घेतला तशी ती म्हणाली, “आता तर त्यांना वाटेल मी पळाले.” दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन आली.

पहिल्या भेटीत ती फारसं बोलली नाही. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, “सगळ्यात जास्त काय लागलं?”

“इतक्या लोकांना मी मूर्ख वाटले.”

“त्यांनी तसं लिहिलंय?”

“लिहायला कशाला पाहिजे? आकडा दिसतोच ना.”

“आणि आकडा उलटा असता, तेवढेच अपव्होट असते, तर?”

ती पटकन म्हणाली, “मग मी बरोबर असते.”

या उत्तरात तिची सगळी अडचण आली होती. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास ती मांडायला सुरुवात केली. माणसाला घटनेइतकाच, किंबहुना जास्त, त्रास होतो तो मनातल्या आग्रहांमुळे, हे त्यातलं मुख्य सूत्र. सगळ्यांनी मला मान्य करायलाच पाहिजे. मी चुकताच कामा नये. चुकले तर मी कुचकामी. चौदाव्या-पंधराव्या वर्षी या आग्रहांना आणखी धार येते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967मध्ये मांडलं होतं की किशोरवयीन मुलं मनातल्या मनात सतत एका प्रेक्षकवर्गासमोर उभी असतात. सगळे आपल्यालाच बघतायत असं त्यांना वाटतं. फोरमवर तो प्रेक्षकवर्ग खराच असतो आणि शेजारी गुणही मांडलेले असतात. मोठ्यांचाही तोल तिथे जातो, मग नववीतल्या मुलीचा गेला यात नवल ते काय.

‘मत तुझं आहे, पण तू म्हणजे तुझं मत नव्हेस’ हे वाक्य मी तिला ऐकवू शकले असते. मुलं अशा वाक्याला मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा फोन उघडतात. म्हणून मी आईला ती सगळी चर्चा छापून आणायला सांगितली. लिहिणाऱ्यांची नावं काळ्या शाईने पुसून टाकली आणि मृण्मयीच्या हातात निळं आणि लाल अशी दोन स्केचपेनं दिली. “जे बोगद्याबद्दल आहे ते निळ्याने अधोरेखित कर, जे तुझ्याबद्दल आहे ते लालने. वाक्यावाक्याने. घाई नको.”

लाल पेनचं टोपण उघडूनच तिने सुरुवात केली. पहिलं उत्तर लाल. दुसरं अर्धं लाल. तिसऱ्यावर पेन थांबलं. ते वाक्य होतं, “एक तास वाचेल म्हणतेस, पण कुठून कुठपर्यंतचा?” तिने माझ्याकडे बघितलं. “हे माझ्याबद्दल नाहीये.” मी काहीच बोलले नाही. तिने निळं पेन उचललं. पानं उलटत गेली तसं निळं वाढत गेलं. तिसऱ्या पानावर मानपाड्याच्या बाजूला राहणाऱ्या कुणीतरी लिहिलेलं लांबलचक उत्तर होतं: सोसायटीच्या तोंडाशी चालणारं काम, डंपरची ये-जा, धूळ, आणि आमचं ऐकून कोण घेतंय हा प्रश्न. तो अख्खा परिच्छेद तिने निळा केला आणि म्हणाली, “हे मी वाचलंच नव्हतं. म्हणजे डोळ्यांखालून गेलं होतं, पण मी त्यात फक्त मला काय म्हटलंय ते शोधत होते.”

त्या क्षणी मला तिचा अतिशय अभिमान वाटला. मोठी माणसं हे बोलून दाखवायला वर्ष वर्ष लावतात. या पोरीने ते स्वतःच्या हाताने रेघा मारत शोधलं, आणि असं सापडलेलं टिकतं हा माझा अनुभव आहे.

शेवटी लाल रेघा उरल्या त्या थोड्या, पण होत्या. त्या नाहीतच असं तिला भासवण्यात अर्थ नव्हता. काही माणसं खरंच लागेल असं बोलली होती. पडद्याआड नाव-चेहरा नसला की माणसाची जीभ सैल सुटते, हे तिला माहीत असायलाच हवं. ती म्हणाली, “यांना उत्तर नाही दिलं तर चालेल?” चालेल. अगदी चालेल. ‘प्रत्येकाला उत्तर दिलंच पाहिजे’ हाही तसाच एक आग्रह.

यानंतरचं काम सोपं वाटतं, पण तेच सगळ्यात अवघड. आपल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता नुसती समोरच्याची खोडायची ती वितंडा. आणि आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं नीट मांडायचं, तो पूर्वपक्ष. मी मृण्मयीला तेवढंच करायला सांगितलं: मानपाड्याच्या त्या माणसाची बाजू अशी लिही की वाचून तो म्हणेल, “हो, मला हेच म्हणायचंय.”

पहिला प्रयत्न तिने इंग्रजीत केला आणि त्यात तीन ठिकाणी ‘पण’ आलं. मी म्हटलं, ‘पण’ काढ. मग ती मराठीत लिहायला लागली आणि लेखणी मोकळी झाली. धुळीने दमा वाढलेल्या आजोबांबद्दल लिहिलं. त्या माणसाने आजोबांचा उल्लेख केलाच नव्हता. ते तिचे स्वतःचे आजोबा होते. विरोधी बाजूला तिने आपल्या घरातलं माणूस उभं केलं होतं. बोगदा हवा हे तिचं मत बदललं नाही, बदलावं असा माझा उद्देशही नव्हता. मात्र ‘विरोध करणाऱ्यांना देणंघेणं नाही’ हे वाक्य तिने आपणहून खोडलं.

आई शेजारी बसलेली असताना तिने फोरमवर एवढंच लिहिलं: तुमचा मुद्दा मला असा कळला, बरोबर आहे का? दोन दिवसांनी उत्तर आलं. त्याने आभार मानले होते आणि एक दुरुस्ती सुचवली होती. खाली आणखी कुणीतरी टोचून लिहिलं होतंच. तिने ते वाचलं, “लाल” म्हणाली आणि पुढे गेली.

मधल्या एका भेटीला मी आईबाबांनाही बोलावलं होतं. हे मी बहुतेक वेळा करते, कारण मूल वाद घालायला फोरमवर शिकत नाही, घरी शिकून तिथे जातं. मी विचारलं, “घरात शेवटचं कधी कुणी म्हणालं, ‘तुझं बरोबर आहे, मी मत बदलतो’?”

बाबा म्हणाले, “आमच्याकडे सगळ्या विषयांवर चर्चा होते, मॅडम.”

आई शांतपणे म्हणाली, “होते ना. मग तुम्ही सांगता आणि ती संपते.”

बाबा रागावले नाहीत, याचं श्रेय त्यांना. पण बघा, या मुलीने मोठं माणूस मत बदलताना आणि तरी तितकंच मानाने वावरताना कधी बघितलंच नव्हतं. मग आपलं म्हणणं खोडलं गेलं की आपणच खोडले गेलो, असं तिला वाटणारच.

आता मूळ प्रश्न, वापरू द्यायचं की नाही. तेराच्या आत खुल्या फोरमवर खातं नको, यावर मी ठाम आहे. रेडिटसारख्या खुल्या चर्चेच्या संकेतस्थळांचा स्वतःचाच नियम किमान 13 वर्षांचा आहे, आणि आपल्याकडचा 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो. त्यांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची अट त्यात आहे. खोटं वय टाकून खातं उघडायला पालकच मदत करतात तेव्हा मला वाईट वाटतं. वादाचा पहिला धडा खोटेपणाने कसा द्यायचा?

आठवी-नववीसाठी शिक्षकांनी चालवलेली बंद चर्चा सगळ्यात उत्तम. कियालो हे वादचर्चेसाठीच 2017मध्ये सुरू झालेलं संकेतस्थळ आहे आणि त्याची शाळांसाठी वेगळी आवृत्ती आहे. शिक्षक तिथे फक्त आपल्या वर्गापुरती चर्चा उघडू शकतात. प्रत्येक मुद्द्याखाली बाजूचे आणि विरोधातले मुद्दे वेगवेगळे मांडायचे असल्यामुळे आरडाओरड्याला जागा कमी राहते. हे जमत नसेल तर शिक्षकांनी कोऱ्या कागदाचे दोन रकाने करून वर्गात फिरवले तरी चालतं. मी शिक्षकांच्या कार्यशाळांत हेच करून घेते.

खुल्या फोरमवर आधी बरेच दिवस नुसतं वाचावं, खातं न उघडता. रेडिटवर 2013पासून ‘चेंज माय व्ह्यू’ नावाची जागा आहे. आपलं मत मांडायचं आणि ज्याच्या मुद्द्याने ते बदललं त्याला जाहीरपणे दाद द्यायची, अशी तिथली रीत. मोठी माणसं हरल्यासारखी न वाटता मत कशी बदलतात हे दहावीच्या पुढच्या मुलांनी पालकांसोबत बसून बघावं. पण ती मोठ्यांची जागा आहे, सगळेच विषय मुलांच्या कामाचे नाहीत.

लिहायला परवानगी कधी? समोरच्याची बाजू ‘पण’ न लावता मूल सांगू शकतं का, एवढंच मी बघते. सांगता आली तर वय पंधरा असो वा सतरा, ते तयार आहे. तोवर नाही.

शाळेच्या कामासाठी आणखी एक. फोरमवरचं विधान हा पुरावा होत नाही. कित्येक मजकूर तर हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेले असतात. ‘एक तास कुठून कुठपर्यंतचा?’ हा प्रश्न मात्र सोन्यासारखा होता. वर्गातल्या मैत्रिणींनी तो विचारला नसता, कारण त्यांचेही बाबा त्याच रांगेत अडकतात. मृण्मयीने मग अधिकृत माहिती शोधली आणि भाषणात ‘प्रकल्पाचा दावा आहे’ असं स्वच्छ म्हटलं. अनोळखी माणसाशी बोलण्याचा फायदा असेल तर तो हाच.

सुरक्षेचं थोडक्यात सांगते, कारण हे बहुतेकांना ठाऊक असूनही पाळलं जात नाही. शाळेचं आणि सोसायटीचं नाव, गणवेशातला फोटो, क्लासला जायची वेळ यांतलं काही लिहायचं नाही. रात्री फोन झोपायच्या खोलीत नाही. चिडून लिहिलेलं उत्तर सकाळी वाचून मगच टाकायचं. आणि कुणी म्हणालं, “इथे नको, वेगळं बोलू,” तर त्या क्षणी थांबायचं आणि घरी सांगायचं. सांगितल्यावर फोन जप्त होणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते सांगणारच नाही. प्रकरण धमकीपर्यंत किंवा फोटो मागण्यापर्यंत गेलं तर सायबर गुन्ह्यांसाठी 1930 आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 हे क्रमांक आहेत.

शेवटच्या भेटीत आईने विचारलं, “हिचा भाऊ सहावीत आहे. त्याला पण खातं हवंय. त्याला कधी?” मी म्हटलं, त्याचा फोरम सध्या जेवणाच्या टेबलाशी. मृण्मयीने लगेच पुढाकार घेतला. जेवताना टीव्ही असावा की नसावा, हा पहिला विषय तिने ठरवला. असावा म्हणणारा भाऊ, नसावा म्हणणारे बाबा, आणि दोघांनीही आधी एकमेकांची बाजू मांडायची, ‘पण’ न वापरता. बाबा तिसऱ्या दिवशीही अडखळतायत, असं आईने फोनवर सांगितलं.