एलएनडीच्या कंटेनरमधून बिटकॉइन नोडशी कनेक्शन का होत नाही?

बिटकॉइन नोड एका डॉकर कंटेनरमध्ये, एलएनडी (लाइटनिंग नेटवर्कचं सॉफ्टवेअर) दुसऱ्यात, आणि एलएनडीला नोडचा तुम्ही पत्ता दिलाय १२७.०.०.१:८३३२. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतंय ते इथूनच. प्रत्येक कंटेनरचा लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१, त्याचा स्वतःचा असतो, त्यामुळे एलएनडी नोडला स्वतःच्याच कंटेनरमध्ये शोधतोय. दोन्ही सर्व्हिस एकाच कंपोज फाइलमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवायची डॉकरची फाइल) असतील तर पत्त्याच्या जागी नोडच्या सर्व्हिसचं नाव लिहा. वेगवेगळ्या चालवत असाल तर आधी स्वतःचं नेटवर्क बनवून दोन्ही त्याला जोडा. डॉकरच्या डीफॉल्ट ब्रिज नेटवर्कवर नावाने पत्ता सापडत नाही.

एवढ्याने अर्धंच काम होतं. बिटकॉइन कोअर (नोडचं सॉफ्टवेअर) आरपीसी, म्हणजे इतर प्रोग्रामकडून येणाऱ्या आज्ञा, मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. नोडच्या सेटिंगमध्ये 'आरपीसीबाइंड' ०.०.०.० (सगळे पत्ते) करा आणि 'आरपीसीअलाउआयपी' मध्ये त्या डॉकर नेटवर्कचा सबनेट (आयपी पत्त्यांचा पट्टा) द्या. दुसरी ओळ नसेल तर पहिलीकडे नोड सरळ दुर्लक्ष करतो, आणि बरेच जण नेमके इथेच अडकतात. झेडएमक्यूचे (नवे ब्लॉक आणि व्यवहार एलएनडीला कळवणारी वाहिनी) पत्तेही नोडच्या बाजूला ०.०.०.० वर ठेवा.

कृपा करून ८३३२ हा पोर्ट होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, पब्लिश करू नका. कंटेनर आपसात बोलायला त्याची गरजच नाही, आणि पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्स फायरवॉलचे नियम ओलांडून बाहेर उघडा पडतो. त्या नोडमध्ये वॉलेट असेल तर पैसेच पणाला लागतात.

जोडणी झाल्यावर उणे २८ हा एरर दिसला तर घाबरू नका, नोड अजून सुरू होतोय. कंपोज फाइलमध्ये 'डिपेंड्स ऑन' नुसतं लिहिलं तर फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट पाहिली जाते; नोडला हेल्थचेक (तो खरंच तयार आहे का याची तपासणी) लावा आणि 'डिपेंड्स ऑन' मध्ये तो पास होण्याची अट घाला.