पिल्लू खेळतंय म्हणून वाट बघू नका

तुमच्या चार किलोच्या पिल्लानं उंदीर मारायच्या औषधाची वडी कुरतडली, तासभर झाला आणि ते मजेत खेळतंय. मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी की सकाळपर्यंत वाट बघावी, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावा, वडीचं वेष्टन सोबत घ्या आणि निघा. उरलेलं उत्तर वाटेत वाचा.

खेळतंय यावर अजिबात जाऊ नका. ब्रोमॅडिओलोन किंवा ब्रोडिफॅकम असलेल्या वड्या शरीरातल्या के जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतात. रक्त गोठवणारे घटक नव्यानं तयार होत नाहीत, पण आधीचे शिल्लक असतात तोवर बाहेरून काहीच कळत नाही. तो साठा संपायला साधारण ३ ते ५ दिवस लागतात आणि मग छातीत, पोटात रक्तस्राव सुरू होतो. तोवर कुत्रं जेवतं, चेंडूमागे धावतं.

वडीत झिंक फॉस्फाइड असेल तर एवढाही वेळ नसतो. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो आणि काही तासांतच जिवावर बेततं. म्हणून पिल्लाला आता काही खाऊ घालू नका आणि गाडीच्या काचा खाली ठेवा. वाटेत उलटी झाली तर तो वायू तुमच्याही नाकात जाईल. वेष्टन हवं ते यासाठीच. नुसत्या रंगावरून आतलं औषध ओळखता येत नाही.

हे सगळं मी इतक्या कळकळीनं सांगतेय, कारण आमच्याकडेही हेच झालं होतं. साडेचार किलोची पॉमेरेनियन. तिच्या मिशीला चिकटलेला हिरवट-निळा कण मला दिसला आणि पोटात गोळाच आला. कपाटामागे वडी सापडली, एक कोपरा गायब, त्यावर बारीक दातांच्या खुणा. मिठाचा डबा माझ्याही हातात होता. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, “मीठ खाली ठेवा, तिला घेऊन या.” इंजेक्शन दिल्यावर दहाएक मिनिटांत तिनं उलटी केली आणि त्यात ते निळे तुकडे निघाले.

मिठाचं सांगते. एवढ्याशा शरीरात सोडियम भराभर वाढतं, झटके येतात, आणि विषाच्या आधी मीठच जीव घेऊ शकतं. दूध, तेल, घशात बोट, यातलंही काही नको. विष खाऊन साधारण दोन तास व्हायच्या आत दवाखान्यात उलटी काढता आली तर खूप फरक पडतो, तुमचा तासभर तर गेलाच आहे. पण उलटी काढायची की नाही हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या. अ‍ॅसिड, रॉकेल किंवा टोकदार वस्तू गेली असेल तर वर येताना ती दुसऱ्यांदा इजा करते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत उलटी श्वासनलिकेत जायची भीती जास्त.

फोनवर चार गोष्टी सांगा: वजन, काय खाल्लं, जास्तीत जास्त किती गेलं असेल, किती वाजता. वजन सगळ्यात आधी. मोठ्या कुत्र्याला पचून जाणारी गोष्ट चार किलोच्या जिवाला पुरते. साखर नसलेल्या बऱ्याच च्युइंगममध्ये झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य असतं, किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी रक्तातली साखर धाडकन उतरू शकते, म्हणजे तुमच्या पिल्लाला काही च्युइंगमच्या एकदोन गोळ्याही पुरतील. काळं चॉकलेट, द्राक्षं, मनुका, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या यांनाही हाच नियम लावा: आधी फोन, लक्षणांची वाट नाही. बटण सेल गिळला असेल तर मिनिटंही मोजा, तो अन्ननलिका जाळत जातो.

उलटीत तुकडे निघाले की सुटलो असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण रक्त गोठवणाऱ्या विषाचा थोडाही भाग शोषला गेला असेल तर ते दोन दिवसांनंतरच तपासणीत कळतं. आमच्या डॉक्टरांनी बरोबर ४८ तासांनी रक्त तपासलं. ते बिघडलेलं निघालं असतं तर के-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या काही आठवडे चालल्या असत्या. तुमचे डॉक्टर तपासणीसाठी जो दिवस देतील, त्या दिवशी पिल्लू कितीही उड्या मारत असलं तरी त्याला घेऊन जा.