शब्दांची विचारपूस : गायरान, कुरण आणि 'पास्तुलान'

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. आमच्या गावच्या गायरानात म्हशी चरत असल्याचे छायाचित्र त्याने एका फिलिपिनो सहकाऱ्याला दाखवले, तेव्हा तो 'पास्तुलान' असे म्हणाला. हा शब्द इंग्रजी 'पाश्चर'वरून आला आहे काय? आणि आमच्या गायरानाला इंग्रजीत नेमके काय म्हणावे?
– एक वाचक, तालुका खानापूर (कर्नाटक)

उत्तर : 'पास्तुलान' इंग्रजीतून आलेला नाही, मात्र 'पाश्चर' आणि तो एकाच घरातले आहेत. दोन्हींचे मूळ लॅटिनमधील 'पास्केरे', म्हणजे चारणे, या क्रियापदात आहे. त्यावरून मेंढपाळाला 'पास्तोर' हा शब्द झाला, आणि ख्रिस्ती मंडळीचा 'पास्टर' तोच. फिलिपिन्सवर 1565 पासून 1898 पर्यंत स्पेनची सत्ता होती. त्या काळात गाईला 'बाका', घोड्याला 'काबायो' हे शब्द जसे तागालोग भाषेत स्पॅनिशमधून आले, तसाच 'पास्तोर' आला आणि शेवटच्या 'र'चा 'ल' होऊन 'पास्तोल' झाला. त्याला स्थळ दाखवणारा 'आन' हा त्यांचा स्वतःचा प्रत्यय लागून 'पास्तुलान', म्हणजे गुरे चारण्याची जागा, हा शब्द तयार झाला. शब्द परका, घडण घरची.

तरीही चरण्यासाठी तिथे देशी शब्द नाहीत असे नाही. तागालोगमध्ये 'काइन' म्हणजे खाणे, आणि त्यापासूनच 'मांगिनाइन' म्हणजे चरणे. जनावराने तोंड घालून खाण्याला 'साबसाब' म्हणतात, आणि 'साबसाबान' म्हणजे आपली गव्हाण. फिलिपिन्समधल्याच इलोकानो भाषेत चरणे म्हणजे 'आराब', आणि कुरण 'पाग-आराबान'. तिथल्याच सेबुआनो भाषेत कुरणाला 'सिबसिबानान' म्हणतात. बायबलच्या 23व्या स्तोत्रात मराठी भाषांतरकारांनी जिथे 'कुरण' घातले, तिथे तागालोगमध्ये 'पास्तुलान' आणि सेबुआनोत 'सिबसिबानान' आहे. एकाच देशातल्या दोन भाषा, पण एकीने मेंढपाळाकडे पाहिले आणि दुसरीने जनावराच्या तोंडाकडे.

इंग्रजी 'ग्रेझ'ने गवताकडे पाहिले. तो 'ग्रास'पासूनच झालेला आहे. झाडाझुडपांचा पाला खाण्यास मात्र इंग्रजीत 'ब्राउझ' हा निराळा शब्द आहे, ज्याच्या मुळाशी कोवळा कोंब असा अर्थ असलेला जुना फ्रेंच शब्द आहे. मोबाइलमधला 'ब्राउझर' त्याचाच वंशज. हा भेद आपल्या गुराख्यांना शिकवावा लागत नाही. म्हैस जिभेचा वेढा घालून गवताचा झुपका ओढते, कारण तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, आणि संध्याकाळी माळ शांत झाला की ते तुटणारे गवत चांगले वीस पावलांवरून ऐकू येते. शेळी मात्र मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओरबाडते. मराठीत दोन्ही 'चरतात' हे खरे, पण 'ओरबाडणे' हा शब्द शेळीच्या खाण्यालाच शोभतो.

आणि मराठीने पाहिले ते पायांकडे. 'चरणे' संस्कृत 'चर्', म्हणजे हिंडणे, या धातूपासून आले. संचार, विचरणे ही त्याचीच भावंडे. मेंढरे घेऊन गावोगाव फिरणारे धनगर आणि कुरुब ज्यांनी आपल्या भागात पाहिले आहेत, त्यांना चरणे आणि चालणे एकच कसे, हे निराळे सांगायला नको. मला तरी या सगळ्या शब्दांत हाच सर्वांत नेमका वाटतो.

आता आपला दुसरा प्रश्न. गायरानाला नुसते 'पाश्चर' म्हटल्यास ती कोणाच्याही मालकीची चराऊ जमीन ठरते, आणि गावाचा सामाईक हक्क, जो या शब्दाचा प्राण आहे, तोच गळतो. म्हणून 'व्हिलेज कॉमन' किंवा 'कॉमन ग्रेझिंग लँड' असे लिहावे. कन्नड कागदपत्रांत तिला 'गोमाळ' म्हणतात, आणि कर्नाटकाच्या 1966 च्या जमीन महसूल नियमांत गावच्या दर 100 जनावरांमागे 12 हेक्टर जमीन 'फ्री पाश्चरेज'साठी, म्हणजे मोफत चराईसाठी, राखण्याची तरतूद आहे. अर्ज करायचा असेल तर 'फ्री पाश्चरेज' हाच शब्द वापरावा. कुरणाची गोष्ट निराळी. ते राखलेले असते, आणि कन्नड 'हुल्लुगावलु' या शब्दातही गवत आणि राखण हेच दोन शब्द जोडलेले आहेत. पावसाळ्यानंतर कापणीसाठी राखलेल्या अशा कुरणाला इंग्रजीत 'मेडो' म्हणावे, कारण तो शब्द गवत कापणे या अर्थाच्या 'मो'चाच सोयरा आहे.