‘मी ३०च्या पुढे धावलेच नाही, मग ४२ कसे होणार?’

पहिल्या फुल मॅरेथॉनच्या, म्हणजे ४२ किलोमीटरच्या शर्यतीच्या, तीनेक आठवडे आधी हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. नाशिकच्या एक बाई, वय ४१, पतसंस्थेत नोकरी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), मुंबई मॅरेथॉनला १९ दिवस उरले असताना माझ्याकडे आल्या. तक्रार झोपेची. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, मग हातात मोबाइल आणि त्यावर धावण्याचा ग्रुप. कुणीतरी ३८ किलोमीटरचा स्क्रीनशॉट टाकला होता. बाईंची सर्वांत लांब धाव ३०ची. “एकदा ३८ करून बघते, म्हणजे मनाची खात्री पटेल,” त्या म्हणाल्या. दिवसही ठरला होता, शर्यतीच्या बरोबर दहा दिवस आधीचा.

भीतीबद्दल बोलण्याआधी धावण्याची वही मागितली. १८ आठवड्यांच्या योजनेतल्या १५ आठवड्यांच्या नोंदी होत्या. आठवड्याला चार धावा, सर्वांत जड आठवडा ५२ किलोमीटरचा, दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी, लांब धावा २४, २६, २८, ३० अशा चढत गेलेल्या. ३०ची धाव ७:२५च्या पेसने (किलोमीटरला ७ मिनिटं २५ सेकंद), म्हणजे सुमारे ३ तास ४२ मिनिटांची. तयारीत खोट नव्हती.

त्याच पेसने ३८ म्हणजे पावणेपाच तास. एवढ्या धावेने झिजलेले स्नायू भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि कुठल्याही धावेचा फायदा अंगी लागायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे. म्हणजे बाईंना पुरता फायदा मिळण्याआधीच शर्यत आली असती, थकवा मात्र पुरा सोबत. शिवाय ३८ झाल्यावर मनाने ४०ची खात्री मागितली असती. काळजीची सवयच तशी.

मग उरलेले दिवस आखले. आठवड्याचं अंतर ५२वरून ३८, मग २८, आणि शर्यतीच्या आठवड्यात फक्त १२. वेग उतरवायचा नाही, आठवड्यात एकदा ३ किलोमीटर शर्यतीच्या पेसने. अंतर घटलं की माणूस बिथरतो, हे आधीच सांगून ठेवलं. तरी चौथ्या दिवशी फोन आलाच: उजवी नडगी दुखते. टेपरमध्ये, म्हणजे शर्यतीआधी अंतर घटवण्याच्या या काळात, अशी दुखणी खूप निघतात, पण ती हसण्यावारी नेऊ नयेत. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, धावताना वाढत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर डॉक्टर गाठायचा. बाईंची दुखरी जागा रोज बदलत होती आणि चार किलोमीटर धावलं की विसरली जात होती. शेवटच्या तीन दिवसांत भात, बटाटा, पोहे वाढवल्यावर वजन दीड किलोने वाढलं, तेव्हा पुन्हा घबराट. ते पाणी असतं. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (स्नायूंत आणि यकृतात साठणारी साखर) शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं.

झोपेसाठी एकच काम दिलं. संध्याकाळी सातला १५ मिनिटं वही घेऊन बसायचं आणि काळज्या दोन रकान्यांत लिहायच्या: हातात असलेल्या आणि नसलेल्या. पहाटे तीनला आलेल्या काळजीला ‘सातला भेटू’ म्हणायचं. ग्रुप शर्यतीपर्यंत म्यूट. शर्यतीच्या आदल्या रात्रीची झोप बिघडली तरी फारसं बिघडत नाही; त्याच्या आदली रात्र जपायची.

३०नंतर पाय जड होतात तेव्हा साखरेचा साठा संपत आलेला असतो, आणि ‘सोडून दे’ हा विचारही बराचसा तिथूनच येतो. म्हणून शर्यतीच्या योजनेत खाणं आधी लिहिलं. तासाला एक मध्यम केळं आणि दोन-तीन खजूर, म्हणजे ३५-४० ग्रॅम कर्बोदकं. तेही लांब धावेत पचवून पाहिलेलंच. पाणी तहानेपुरतं, कारण नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. दुखलं तरी वाटेत आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. पहिले पाच किलोमीटर ७:४५ने, पुढे ७:३०ने. आणि एका पुठ्ठ्यावर तीन जर-तर: जर सुरुवातीला गर्दी ओढू लागली, तर घड्याळ बघून मागे राहायचं. जर मन आकडे मोजू लागलं, तर फक्त पुढचं पाण्याचं टेबल गाठायचं. जर परतीला पेडर रोडचा चढ अंगावर आला, तर लाज न बाळगता चालत चढायचं.

शर्यतीच्या संध्याकाळी मेसेज आला. ५ तास २६ मिनिटं. पेडर रोड पूर्ण चालत. खाली एक ओळ: “हॉटेलची लिफ्ट बंद आहे, जिना उलटा उतरतेय.”