हिरोचा चेहरा नाही, तर चरित्र भूमिकांवर आयुष्य निघेल का?

तुम्ही विचारलंय की वय सव्वीस, चेहरा चारचौघांसारखा, हिरो होणार नाही हे पक्कं ठाऊक आहे. मग बाप, शेजारी, वकील, व्हिलन अशा भूमिका करत मराठीत पोट भरेल का? भरतं. पण नुसत्या सिनेमाच्या भरवशावर राहू नका, नाटक धरून ठेवा. मी हौशी रंगभूमीवर बरीच लुडबूड केलेला माणूस आहे, तेव्हा माझा कल नाटकाकडे असणारच, हे धरून वाचा.

या लायनीत काम मिळण्यापेक्षा अवघड असतं ते एकाच साच्यात न अडकणं. निळू फुल्यांनी 'सामना' सिनेमात हिंदुराव हा पाटील असा काही उभा केला की मग प्रत्येक निर्मात्याला त्यांच्याकडून पाटीलच हवा. त्याच माणसानं 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार केला, रंगमंचावर सखाराम बाइंडर केला. पण गावोगावच्या प्रेक्षकांनी डोक्यात ठेवला तो पाटीलच. एवढ्या ताकदीच्या नटाची ही गत, तर तुमची-आमची काय कथा.

याच्या उलट दिलीप प्रभावळकर. जन्म 1944 चा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त ते चेटकीण झाले आणि त्याच मतकरींच्या 'आरण्यक'मध्ये विदुर! सत्तरच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनच्या मालिकेत त्यांचा चिमणराव आला, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ जोडीला, आणि ते घराघरात पोचले. खरा धोका इथेच होता. पुढची वीस वर्षं भित्रा, भाबडा कारकून करत आरामात काढता आली असती. त्यांनी काय केलं, तर स्वतःच 'हसवाफसवी' लिहिलं आणि त्यात सहा भूमिका घेतल्या.

हे नाटक चाळीस-पन्नास वेळा पाहिलेली माणसं मला भेटली आहेत. दीप्ती लुकतुके ही बाई, वांटुंग पिन्टुंग हा परदेशी प्रिन्स आणि कृष्णराव हेरंबकर हा थकलेला जुना गायकनट, सगळे एकाच रात्री, एकाच अंगातून. विंगेत कपडे आणि विग बदलायला मोजकी मिनिटं. तेवढ्यात विग बदलेल, मिशी लागेल, पण आवाजाचं वय कसं बदलणार? उभं राहण्याची ढब, श्वास कुठे तुटतो, वाक्य कुठे सोडून दिलं जातं, हे सगळं तालमीतच अंगात मुरलेलं लागतं. चरित्र अभिनय शिकायचा तर तो इथे दिसतो. रंगभूषेला लोक उगाच जास्त श्रेय देतात, असं माझं मत.

आवाजाचंच घ्या. 1993 च्या 'झपाटलेला'त तात्या विंचू माणूस म्हणून पडद्यावर थोडाच वेळ आहे. नंतर त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो; तो बाहुला रामदास पाध्यांचा आणि आवाज प्रभावळकरांचा. त्या आवाजाला घाबरलेली पोरं आता चाळिशीत आहेत.

मग वर्तमानपत्रातल्या स्वतःच्याच सदरावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका झाली, तिच्यात ते आबा. 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी आणि 'शेवरी' या दोन्ही कामांसाठी मिळून 2006 चा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2025 मध्ये 'दशावतार' आला, त्यात कोकणातला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री. वय एक्क्याऐंशी, आणि अख्खा सिनेमा त्यांच्या खांद्यावर.

आता पैशाचं. नाटकात 'नाईट' मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत बुकिंग पडतं, तेव्हा हात आखडता घ्यावा लागतो. मालिकेत दिवसाचा दर ठरतो, पण चेक हातात पडायला बऱ्याचदा तीन महिने जातात, आणि तुमचा ट्रॅक, म्हणजे तुमच्या पात्राचं कथानक, कधी बंद होईल याचा नेम नसतो. तरी चेहरा ओळखीचा होतो तो मालिकेनंच, आणि त्या ओळखीवर नाटकाला चार तिकिटं जास्त जातात. म्हणून दोन्ही सांभाळणारे टिकतात. तारखांची मारामारी होते, ती होऊ द्या.

नोकरी असेल तर इतक्यात सोडू नका. एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धा यांत सव्वीसाव्या वर्षीच सत्तरीचा म्हातारा मागून घ्या. तुमच्या वयाचे बाकीचे सगळे हिरोच्या रांगेत असतात, त्यामुळे तो सहज मिळतो. आणि महागड्या फोटोशूटवर पैसे उधळू नका, हल्ली कास्टिंगवाले मोबाइलवर शूट केलेली ऑडिशनच मागतात.