लाशोन हाराचे नियम पाळण्यास आरंभ करताना

लाशोन हारा, म्हणजे यहुदी धर्मात निषिद्ध मानलेली परनिंदा, टाळण्याचा हा अभ्यास आपण हाती घेतला, हे उत्तमच झाले. नवशिक्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की बोललेली गोष्ट खरी असली म्हणजे दोष लागत नाही. वस्तुतः लाशोन हाराचा निषेध खऱ्या, परंतु दुसऱ्याला हानी पोहोचवणाऱ्या बोलण्यालाही लागू आहे, आणि खोटी बदनामी तर त्याहून गंभीर मानली जाते. दुसरी चूक ऐकणाऱ्याला निर्दोष समजण्याची. तालमूद या यहुदी धर्मग्रंथानुसार निंदा तिघांचा घात करते: बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा आणि जिच्याविषयी बोलले जाते त्या व्यक्तीचा. (संदेष्टा मोशे याची बहीण मिर्याम हिने मोशेविषयी जे काढले, ते आपल्या दुसऱ्या सख्ख्या भावापाशीच, तरीही तिला कोड फुटले आणि सात दिवस छावणीबाहेर राहावे लागले.)

उलट काहीजण इतके धास्तावतात, की विवाह किंवा भागीदारी ठरत असताना द्यायलाच हवा असा इशाराही देत नाहीत. तेथे स्वतः खात्री केलेली माहिती अतिशयोक्ती न करता सांगावी. त्याच्या सविस्तर अटी राब्बी (यहुदी धर्मगुरू) इस्रायल मेइर कागान यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हाफेत्झ हाईम’ या ग्रंथात आहेत, पण त्या सध्या राहू द्या. तूर्तास दिवसातील एकच ठरावीक तास, शक्यतो जेवणाचा, निंदेविना घालवण्याचा संकल्प करावा.