मनीऑर्डरच्या पावत्या

समुपदेशनासाठी आली तेव्हा पहिल्या भेटीत तिने पर्समधून पोस्टाच्या पावत्यांचा गठ्ठा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. दर महिन्याला एक मनीऑर्डर, तुरुंगाच्या पत्त्यावर. थोरल्या भावाला तिथल्या कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं घेता यावीत म्हणून. भाऊ दोन खुनांसाठी जन्मठेप भोगतोय. मेलेल्यांत एक लहान मूल. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"आईला जमत नाही, म्हणून मी भरते," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "भरताना मला त्याची दया येते, मॅडम. त्या मुलाच्या आईला हे कळलं तर? मी कसली बाई आहे?"

अशा घरांतली भावंडं फिरून फिरून दोनच गोष्टी विचारतात. मला आधी कळायला हवं होतं का? आणि तो अजून आपला वाटतो, म्हणजे माझ्यातही काही खोट आहे का?

पहिल्यासाठी मी तिला अमेरिकेतल्या डेव्हिड काझिन्स्कींची हकिकत सांगितली. त्यांचा थोरला भाऊ टेड १९७८ ते १९९५ बॉम्ब पाठवत, पेरत राहिला. ३ माणसं गेली, २३ जखमी झाली. १९९५ मध्ये त्याचा लांबलचक निबंध वर्तमानपत्रात आला. त्यातली भाषा ओळखून डेव्हिडनी तपास यंत्रणेला कळवलं आणि एप्रिल १९९६ मध्ये टेड पकडला गेला.

इथे मी चुकले. ती पटकन म्हणाली, "त्यांनी निदान कळवलं तरी. मी काय केलं?"

मधला भाग मी गाळला होता. संशय पहिल्यांदा आला डेव्हिडच्या बायकोला, जी टेडला कधी भेटलीही नव्हती. डेव्हिडना आधी ते पटलंच नाही. इतकी वर्षं सख्ख्या भावाला दिसलं नाही. "जवळून आपल्याला माणूस दिसत नाही गं," मी म्हटलं, "दादा दिसतो."

ती रडली ती तेव्हा.

दुसऱ्या प्रश्नाला असं उत्तर नाही. घरात मयत झाली तर शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. हिला सायकल शिकवणारा दादा गेलाच आहे, पण त्याचं सुतक धरायला कुणी नाही. मी तिला एवढंच म्हटलं, दया येते तर येऊ दे, चीडही येऊ दे. त्याच्या गुन्ह्याला सबबी शोधायला लागलीस, तर मात्र मी टोकेन.

लग्नाच्या स्थळांना भावाचं कधी सांगायचं, असं तिने विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं: बोलणी पुढे जाण्याआधी, तू स्वतः, मध्यस्थाच्या तोंडून नको. एक स्थळ तेवढ्यावर मोडलं.

मनीऑर्डरच्या फॉर्मवर संदेशाला जागा होती. तीन वर्षं ती कोरी सोडत होती. मग एका महिन्यात तिने लिहिलं, "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं." पुढे 'काळजी घे' लिहायला हात धजावला नाही, म्हणाली.